‘वय झालं’ म्हणण्याआधी

पशुवैद्य म्हणून सीमाभागात नोकरी केली, निवृत्त झालो, तरी एक वाक्य काही माझा पिच्छा सोडत नाही. निपाणीची आजी कुत्र्याला घेऊन येते आणि म्हणते, ‘वय झालं हो त्याचं.’ गोकाककडचे गौडा म्हणतात, ‘वयस्साय्तु, डॉक्ट्रे.’ आणि लेकीच्या सासरी माळव्यात गेलो, तर तिथेही तेच, फक्त हिंदीत: ‘बूढ़ा हो गया, और क्या!’ तीन भाषा, पण निदान एकच. आणि बहुतेक वेळा ते अर्धवट असतं.

वाचकहो, म्हातारपण हा काही रोग नाही. म्हातारा कुत्रा थोडा हळू चालेल, जास्त झोपेल, हे खरं. पण सकाळी उठताना तो कण्हत असेल, पायरीपाशी थांबून विचार करत असेल, लाडक्या नातवावर गुरगुरत असेल, तर तिथे वयाच्या जोडीला आणखी काहीतरी आहे. त्या काहीतरीला मराठीत दुखणं म्हणतात आणि कानडीत नोवु. वयावर औषध नाही. दुखण्यावर मात्र आहे. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

मुकं कोण?

आपण सहज म्हणतो, मुकं जनावर. पण जनावर मुकं नसतं, त्याची भाषा आपल्याला वाचता येत नाही एवढंच. काटा रुतला, शेपटीवर पाय पडला, की कुत्रं केकाटतं. ते ताजं दुखणं. जुनं दुखणं वेगळं असतं. ते महिनोन्महिने असतं, हळूहळू वाढतं आणि त्यात ओरडणं नसतं. ज्यांच्या घरी गुडघेदुखीची आई किंवा सासू आहे त्यांना हे सांगायला नको. ती काही दिवसभर रडत नाही. फक्त देवळात जाणं बंद करते, वरच्या मजल्यावर जात नाही आणि पूर्वीपेक्षा चटकन चिडते. कुत्र्यामांजरांचंही अगदी तसंच असतं.

जुन्या दुखण्याची आणखी एक खोड आहे. सतत दुखत राहिलं की पाठीच्या कण्यातून निरोप नेणाऱ्या नसा जास्तच हळव्या होतात. मग साधा हात लावला तरी मेंदूपर्यंत ‘दुखतंय’ असाच निरोप जातो. मूळ जागा तेवढीच राहते, पण दुखणं मोठं होतं. म्हणून ‘बघू, होईल कमी’ असं म्हणत सहा महिने घालवले, तर पुढे औषधालाही जास्त कष्ट पडतात.

जगभरातल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांमध्ये आपल्या कामाची एक गोष्ट आहे. बोलून सांगता येत नाही म्हणून वेदना होतच नाही असं धरता येणार नाही, मग तो माणूस असो की प्राणी. हे बाळंतिणीच्या खोलीतल्या आजीला पूर्वीपासून ठाऊक होतं, पण शास्त्राच्या कागदावर ते आलं हे बरं झालं.

सतवासचा मोती

देवास म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते कुमार गंधर्वांचं. १९२४ साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला कानडी घरातला शिवपुत्र कोमकळी क्षयाच्या आजारात १९४८ मध्ये देवासला गेला आणि तिथलाच झाला. माझी लेक काही गाणारी नाही, पण तीही तिकडचीच झाली. तिचं सासर देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, सतवास या गावी. घरात मराठी, दारात माळवी, बाजारात हिंदी. आणि माहेरी फोन करताना मध्येच कानडी, म्हणजे सासूबाईंना कळू नये असं काही असेल तेव्हा.

दोन-तीन वर्षांपूर्वी असाच एक कानडी फोन आला. ‘अप्पा, मोती बाळाच्या अंगावर गेला. दात लागला नाही, पण घरात सगळे म्हणतायत की त्याला शेतावर नेऊन सोडू.’ मोती हा त्यांचा गावठी कुत्रा, वय अकरा वर्षं. बाळ म्हणजे माझा नातू, वय आठ. दोघं एकत्र वाढलेले. शेतावर सोडायचं म्हणजे काय हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिले चार दिवस कुणीतरी भाकरी नेऊन टाकतं, मग तेही विसरतं.

मी दिवाळीला जाणारच होतो. गेल्यावर पहिले दोन दिवस मोतीला हातसुद्धा लावला नाही. ओट्यावर खुर्ची टाकून नुसता बघत बसलो. पशुवैद्याचं निम्मं काम डोळ्यांचं असतं. मोती उठताना आधी पुढचे पाय टेकायचा, मग मागचा भाग ओढून वर घ्यायचा. दहा-वीस पावलं चालला की जरा सैल व्हायचा. बसताना दोन्ही मांड्यांवर सरळ न बसता एका बाजूला कलून बसायचा. घरात नव्या गुळगुळीत टाइल्स घातल्या होत्या. त्या खोलीत तो भिंतीला धरून चालायचा, नाहीतर दारातूनच परत फिरायचा. छाती भरदार, पण मागच्या मांड्या आत गेलेल्या, कारण सगळं वजन तो पुढच्या पायांवर घेत होता. तिसऱ्या दिवशी हळूच खुब्यावर हात ठेवला. त्याने ओठ चाटले, मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं आणि अंग ताठ केलं. केकाटला नाही. पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

मग बाळाला विचारलं, ‘त्या दिवशी तू नक्की काय करत होतास?’ तो म्हणाला, ‘आजोबा, मी त्याच्यावर घोडा घोडा बसलो होतो. रोजच बसतो.’ लहानपणी चालायचं, आता त्याच जागी दुखत होतं. लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली. मोती गेले काही महिने गुरगुरायचा आणि प्रत्येक वेळी घरातलं कोणीतरी त्याला दटावायचं. हे नीट लक्षात ठेवा. गुरगुरणं ही शिवी नसते, सूचना असते. सूचना दिल्याबद्दल मार मिळाला, की कुत्रा सूचना देणं बंद करतो आणि थेट दात दाखवतो. मोठ्या वयात अचानक ‘चिडका’ झालेल्या कुत्र्याला आधी शिक्षा नको, तपासणी हवी.

इंदूरला नेऊन एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज झालेली होती. शेतावर सोडण्याचा विषय त्या दिवशी संपला.

सगळ्याच दुखण्याचं मूळ सांध्यात नसतं, हेही सांगून ठेवतो. किडलेले दात, जुना कानाचा आजार, मणक्यातली सरकलेली गादी, चुकीचं जुळलेलं जुनं हाड, हाडाचा कर्करोग आणि आपल्याकडे भरपूर आढळणारा गोचीडताप, यांतल्या कशानेही कुत्रा महिनोन्महिने दुखणं काढत असतो. म्हणून आधी निदान, मग औषध.

मांजराचं दुखणं आणखी लपलेलं

मांजर लंगडत नाही, कारण त्याचे दोन्ही बाजूंचे सांधे बहुधा सारखेच दुखतात. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. एक्स-रेत झीज दिसणाऱ्या प्रत्येकाला सारखंच दुखतं असं नाही, पण आपल्यापैकी किती जणांनी संधिवाताचं मांजर पाहिलंय? पाहिलंय सगळ्यांनी, ओळखलं नाही.

ओळखायचं कसं? पूर्वी फडताळावर एका उडीत जाणारं मांजर आता आधी स्टुलावर आणि मग फडताळावर जातं. उतरताना पुढचे पाय जमेल तेवढे खाली सोडून मगच उडी टाकतं. पाठीमागचं अंग चाटायला मान वळत नाही म्हणून कमरेवरचे केस गुंतून गाठी होतात. नखं वाढून जाड होतात. मातीच्या ट्रेच्या बाहेर घाण करायला लागतं, कारण ट्रेची कड ओलांडताना दुखतं. घरातले म्हणतात, ‘बेक्कु आता आळशी झालंय.’ आळशी नाही, शहाणं झालंय. दुखेल ते टाळतंय.

मांजराच्या चेहऱ्यावरूनही दुखणं ओळखता येतं. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, मिटत आलेले डोळे, ताणलेलं नाक-तोंड, मिश्यांची दिशा आणि खांद्याखाली झुकलेलं डोकं या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त आले, तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजायचं. ही पट्टी मुख्यतः ताज्या दुखण्यासाठी आहे. जुन्या दुखण्यासाठी चेहऱ्यापेक्षा रोजच्या सवयींवर लक्ष ठेवलेलं बरं.

गोळीआधी घर

दुखणं सांभाळायचं म्हटलं की लोक आधी गोळी मागतात. मी आधी घर बघतो. सतवासला आम्ही पहिल्या आठवड्यात काय केलं ते सांगतो, त्यातलं बरंचसं फुकटातलं आहे.

पहिली फरशी. गुळगुळीत टाइल्सवर दुखऱ्या पायाच्या कुत्र्याला बर्फावर चालल्यासारखं होतं. जिथून त्याची रोजची ये-जा आहे, तिथे रबरी पायपुसणी किंवा जुन्या सतरंज्या सलग अंथरा, मात्र त्या सरकता कामा नयेत. आपल्याकडे जुन्या घरांतून खडबडीत शहाबादी फरशी असायची, ती या बाबतीत उत्तम. पंजाखालचे केस आणि वाढलेली नखं कापा, नाहीतर पकड मिळत नाही.

दुसरं अंथरूण. थंडीत गार जमिनीवर झोपवू नका. गोधडीच्या दोन-तीन घड्या पुरतात. सकाळी सांधे आखडलेले असतील तर दहा मिनिटं कोमट शेक द्या, पण आधी आपल्या मनगटावर पुरचुंडी टेकवून बघा. बाम, कापूर, निलगिरी तेल लावू नका. प्राणी ते चाटतात आणि पोटात विष जातं. मांजराच्या बाबतीत तर मुळीच नको.

तिसरं चालणं. दुखतंय म्हणून साखळीला बांधून ठेवलं, की स्नायू वाळतात आणि सांध्यावर आणखी भार येतो. रविवारी पाच किलोमीटर आणि बाकी सहा दिवस शून्य, हेही चुकीचंच. रोज दोन-तीनदा थोडं थोडं, सपाट रस्त्यावर, त्याच्या चालीने. पायऱ्यांच्या बाजूला फळी टाकून उतार करा. मांजरासाठी मधे एक स्टूल ठेवा आणि ट्रेची एक कड कापून बुटकी करा.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड: वजन. मोती चांगलाच जाड झाला होता. घरातला प्रत्येकजण शपथेवर सांगत होता की आपण त्याला काहीच देत नाही. मग एक दिवस असं ठरवलं की मोतीला जे द्यायचं ते आधी एका डब्यात टाकायचं. संध्याकाळी डबा उघडला तर तुपाच्या चार पोळ्या, बाफल्याचे तुकडे, शेव, पोह्यांबरोबरची जिलबी! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विहीणबाई पदरात तोंड घालून हसत होत्या, कारण निम्मा डबा त्यांचा होता.

अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे, २००२ साली प्रसिद्ध झालेला. जोड्या लावून एकाला नेहमीसारखं आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरी तेरा वर्षं जगली, जास्त खाणारी अकरा वर्षं आणि थोडी. शिवाय कमी खाणाऱ्यांना सांधेदुखी बऱ्याच उशिरा झाली. आपल्याकडे मात्र कुत्र्याच्या बरगड्या दिसल्या की शेजारीण विचारते, ‘जेवायला देत नाही का?’ जरा मुधोळच्या कुत्र्याकडे बघा. मालोजीराव घोरपड्यांनी नावारूपाला आणलेली आणि २००५ साली टपाल तिकिटावर आलेली ही आपल्या भागाची जात. तिच्या कमरेत बारीकपणा आहे, तिथे उपासमार नाही. कुठल्याही जातीच्या कुत्र्याच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे.

माणसाची गोळी नको

आता औषध. आमचे व्याही शिक्षक होते, गुडघेदुखीने हैराण. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, माझ्या गोळीतली अर्धी दिली तर? त्याचंही गुडघ्यासारखंच आहे ना?’ प्रश्न प्रेमापोटी होता. मी पाकीट हातात घेतलं, डायक्लोफेनॅक होतं. म्हटलं, ‘मास्तर, ही गोळी तुम्हाला चालते, त्याला नाही. त्याच्या पोटात रक्तस्राव होईल, मूत्रपिंड जाईल.’

हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. ते औषध पचवून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. एका गोळीनेही रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि मांजर दगावतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्यामांजरांना देऊ नका. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला घातक आहे.

मग द्यायचं काय? प्राण्यांसाठीची वेदनाशामकं आहेत. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब यांसारखी. मात्रा डॉक्टरच ठरवतील, कारण ती वजनावर आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तब्येतीवर अवलंबून असते. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्त तपासून घ्या. गोळी जेवणाबरोबर द्या. स्टिरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. उलट्या, काळी शी, खाणं बंद असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच फोन करा. मांजराच्या बाबतीत ही काळजी दुप्पट.

नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिनसारखी औषधं डॉक्टर जोडतात. परदेशात २०२० नंतर सांधेदुखीवर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आली आहेत, कुत्र्यांसाठी बेडिनवेटमॅब आणि मांजरांसाठी फ्रुनेवेटमॅब. ती पुष्कळांना लागू पडतात, पण डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने कुत्र्यांच्या इंजेक्शनबद्दल आलेल्या दुष्परिणामांच्या तक्रारींकडे डॉक्टरांचं लक्ष वेधलं. नवं म्हणजे निर्धोक असं कधीच नसतं. माशाच्या तेलाचा काही उपयोग होतो असा पुरावा आहे. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांचा पुरावा मात्र कमकुवत आहे, हे पैसे खर्च करण्याआधी माहीत असावं.

आणि दुखतंय की नाही अशी शंकाच असेल तर? डॉक्टर दोन-तीन आठवडे वेदनाशामक देऊन बघतात. प्राणी पुन्हा खेळायला लागला, उडी मारायला लागला, तर ते वय नव्हतं, दुखणं होतं.

बैलाचं दुखणं आणि गिधाडं

मास्तरांना डायक्लोफेनॅकची दुसरी गोष्टही सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. दुखणं कमी करणारं औषध चुकीचं निवडलं तर त्याची किंमत किती लांबवर जाते हे तिच्यातून कळतं.

आपल्या बापजाद्यांना बैलाचं दुखणं कळत होतं. बेंदराच्या, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जू ओढून सुजलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. आपल्या कानडी भावंडांच्या कार हुण्णिमेलाही बैलाला असाच विसावा. पुढे सुई आली. लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुरांना डायक्लोफेनॅक टोचलं जाऊ लागलं. स्वस्त होतं, गुणही लगेच यायचा. पण असं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांचं मूत्रपिंड निकामी होऊन ती मरायची. हे कोडं २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून सुटलं. तोवर भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात हजारातून एक उरावं इतकी संपत आली होती.

२००६ साली भारताने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवर गुरांसाठी बंदी आली, त्यानंतर निमेसुलाइडवरही. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम मिळतं. तेव्हा घरी गाय-बैल असतील तर डॉक्टरांना अगर औषधवाल्याला नाव विचारायला संकोच करू नका. बैलाचं दुखणं थांबलंच पाहिजे, पण आभाळ रिकामं करून नको.

कानडीतलं पाप, मराठीतलं पाप

दुखणाऱ्या जनावराकडे बघून आपली कानडी अज्जी म्हणते, ‘पाप!’ नवी मराठी सून दचकते. कानडीतलं ‘पाप’ म्हणजे आपलं ‘बिचारं’. पण नुसतं बिचारं म्हणून थांबलो, तर मराठीतलं पाप पदरात पडतं, असं मला वाटतं. कायदाही तेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम म्हणतं की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याला अनावश्यक वेदना होणार नाहीत अशी काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे.

‘आमच्या गावात कुठला आलाय डॉक्टर?’ असं कोणी विचारेल. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा सुरू झाली आहे. ती मुख्यतः गुरांसाठी असली तरी विचारून बघायला काय हरकत आहे? तालुक्याचा सरकारी पशुदवाखाना असतोच. मोठ्या तपासणीसाठी मुंबईचं परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, माळव्यात महूचं आहे, आपल्या बाजूला बिदर आणि गदगची आहेत. जाताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ न्या: कुत्रा उठतो कसा, पायरी चढतो कसा. दवाखान्यात भीतीने प्राणी दुखणं विसरतो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

कठीण हिशेब

मोती मेलॉक्सिकॅम, सतरंज्या आणि डब्याच्या शिस्तीवर सुधारला. महिन्याभराने लेकीचा फोन आला, या वेळी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा: ‘अप्पा, आज ओट्याची पायरी स्वतः चढला.’ बरा झाला असं मी म्हणणार नाही. झिजलेला सांधा परत येत नाही. पण दुखणं त्याच्या ताब्यात न राहता घरच्यांच्या ताब्यात आलं. नातू घोडा घोडा खेळायचा सोडून शेजारी बसायला शिकला आणि मोती त्यानंतर १९ महिने त्याच ओट्यावर राहिला.

मग तो दिवस आला जो अशा प्रत्येक घरात येतो. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये अशा वेळेसाठी सात प्रश्न दिले. दुखणं आवाक्यात आहे का? खातोय का? पाणी पितोय का? स्वच्छ राहतोय का? त्याला आनंद वाटतो असं काही उरलंय का? हिंडूफिरू शकतो का? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहावं, खाली जायला लागली तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं.

सतवासला हे गुण मास्तरांनी दिले. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, उगाच गुण वाढवले नाहीत. दोन आठवडे बेरीज घसरत गेली तेव्हा त्यांनीच डॉक्टरांना घरी बोलावलं. मोतीला शांतपणे, त्याच्याच गोधडीवर निरोप दिला. मला फोनवर एवढंच म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, शेवटी त्याला दुखलं नाही.’ शेतावर सोडलेल्या कुत्र्याबद्दल हे वाक्य कुणालाही म्हणता आलं नसतं.

या आठवड्याचं काम

आपल्या प्राण्याच्या रोजच्या तीन गोष्टी निवडा. कुत्र्यासाठी सकाळचं उठणं, पायरी आणि फिरणं. मांजरासाठी उडी, अंग चाटणं आणि ट्रे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, रोज एक खूण करा: सहज जमलं तर बरोबर, अडखळलं तर आडवी रेघ, टाळलं तर फुली. हे काम घरातल्या पोरांना द्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात. महिनाअखेर रेघा आणि फुल्या जास्त दिसल्या, तर ते पान फाडून डॉक्टरांकडे घेऊन जा.

त्या पानापुढे कुठल्याही डॉक्टरला नुसतं ‘वय झालं’ म्हणून तुम्हाला परत पाठवता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या गोचिडांबद्दल बोलू.